गुंता खाली, चूक वर: शिलाई मशीनचा दोरा छळतो तेव्हा

शिवायला बसून दहा मिनिटंही झालेली नसतात. दोन-चार टाके बरे पडतात, मग मशीन घरघरतं, कापड जागच्या जागी रुतून बसतं आणि सुई वर यायला तयार नसते. कसंबसं कापड सोडवून उलटून बघावं, तर टिपेच्या जागी कंगव्यातून निघालेल्या गुंतवळासारखा दोऱ्याचा बोळा. वरून मात्र टीप जवळजवळ ठीक दिसते. मग संशय बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर जातो. गुंता खाली आहे म्हणजे बिघाडही खालीच असणार, असं वाटणं साहजिक आहे. बॉबिन ज्या डबीत बसते ती बॉबिन केस बाहेर निघते, तिच्यावरचा बारीक स्क्रू पिळला जातो, आणि एकाची दोन दुखणी होतात.

मी तो स्क्रू शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात पिळला होता. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी कळलं की बॉबिनचा काही संबंधच नव्हता, वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा दाबून ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. म्हणून इथे उपायांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: ज्यात काही बिघडायची भीती नाही ते आधी, स्क्रू सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीच्या पुढे जावंच लागत नाही.

टाका पडतो कसा, एवढं आधी बघू

घरगुती मशीनचा साधा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक रिळावरून सुईत येणारा, दुसरा खालून बॉबिनमधून येणारा. इलायस हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशाच दोन दोऱ्यांच्या मशीनचं, आणि त्यातही सुईचं भोक टोकाशीच होतं. मशीन पायाचं असो, मोटरचं असो की बटणं दाबून चालणारं, टाक्याची मूळ कल्पना आजही तीच आहे.

सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर यायला लागते. त्या क्षणी सुईच्या पाठीशी दोऱ्याचा छोटासा फासा सुटतो. बॉबिनभोवती फिरणारा खालचा हूक तो फासा पकडतो, मोठा करतो आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणतो. म्हणजे एका टाक्यासाठी बराच दोरा खाली उतरतो, पण टाक्यात लागतो तो जेमतेम काही मिलिमीटर. उरलेला परत वर खेचून घ्यायचं काम मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणाऱ्या लिव्हरचं. त्याला टेक-अप लिव्हर म्हणतात.

आता लिव्हर दोरा खेचतो तेव्हा दोरा दोन बाजूंनी येऊ शकतो. एक तर खालून, जिथे तो ढिला पडलेला आहे, किंवा मागून, रिळाकडून. रिळाकडची बाजू टेन्शनच्या चकत्यांनी धरून ठेवलेली असेल तर लिव्हरला खालचाच दोरा मिळतो आणि टाका आवळला जातो. चकत्यांनी धरलंच नसेल तर लिव्हर सोपी वाट धरतो, रिळावरून नवा दोरा ओढतो आणि खालचा ढील तसाच राहतो. पुढच्या टाक्याला आणखी ढील. असे सात-आठ टाके पडले की झाली गुंतवळ.

म्हणून खाली जमलेला बोळा बहुतेक वेळा वरच्याच दोऱ्याचा असतो. खात्री करायची असेल तर वर आणि खाली वेगळ्या रंगाचे दोरे लावून बघा.

पायरी पहिली: अडकलेलं कापड ओढू नका

मशीन अडलं की आधी पाय पेडलवरून काढा. मोटरचं असेल तर स्विच बंद करा. मग हाताने चाक आपल्याकडे फिरवून सुई वर आणायचा प्रयत्न करा. फिरत नसेल तर जोर लावू नका. चाक हळूच किंचित पुढे-मागे हलवा, बहुधा दोरा थोडा सैल होतो. सुई वर आली की फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचला आणि कापड जेमतेम बोटभर वर घेऊन खालचे दोरे बारीक कात्रीने कापा. हिसका दिला तर सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या टाक्याला सुईखालच्या धातूच्या प्लेटवर आपटून तुटते.

कापड निघालं म्हणजे काम संपलं असं नाही. बॉबिन काढा, केस निघत असेल तर तीही काढा, आणि हूकच्या खोबणीत दोऱ्याचे तुकडे राहिलेत का ते बॅटरीच्या उजेडात बघा. दोन-तीन सेंटिमीटरचा एखादा तुकडा तिथे राहिला की पुढचा गुंता त्याच्याच भोवती होतो. चिमट्याने काढा. प्लेटचे स्क्रू सहज निघत असतील तर ती उघडून बघितलेलं उत्तम.

पायरी दुसरी: फूट वर करून दोरा पुन्हा ओवा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. दोरा ओवताना फूट वर हवं.

फूट खाली असतं तेव्हा टेन्शनच्या चकत्या एकमेकींना चिकटून दाबलेल्या असतात. अशा वेळी दोरा ओवला तर तो त्यांच्या मध्ये शिरत नाही, काठावरून नुसता सरकून जातो. दिसायला सगळं बरोबर, पण पकड शून्य. फूट वर केलं की चकत्या उघडतात आणि दोरा आत खोल बसतो. फूट खाली टाकलं की त्या मिटतात आणि दोरा धरतात. नव्या मशीनमध्ये चकत्या प्लास्टिकच्या आवरणात लपलेल्या असतात, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसतच नाही.

मग करायचं असं. आधीचा दोरा पूर्ण काढून टाका, आणि तो कसा काढायचा हेही महत्त्वाचं आहे: रिळाजवळ कापा आणि सुईच्या बाजूने पुढे ओढून घ्या. रीळ उचलून दोरा उलटा मागे खेचला तर त्याच्यावरची धूळ आणि सुटलेले तंतू चकत्यांमध्ये जाऊन बसतात. रीळ बदलताना वीतभर दोरा वाया जातो तो जाऊ दे.

आता फूट वर. चाक आपल्याकडे फिरवून टेक-अप लिव्हर अगदी वर आणा. लिव्हर अर्धवट खाली असेल तर दोरा त्याच्या भोकात न जाता शेजारून निसटतो, आणि लिव्हर सुटला की गुंता ठरलेला. रिळावरून दोरा घ्या. उजव्या हाताने रिळाजवळ दोरा हलकेच धरून ठेवा आणि डाव्या हाताने पुढचं टोक मशीनवर छापलेल्या बाणांच्या वाटेने न्या. दोन्हीकडून धरल्यामुळे दोरा ताणलेला राहतो आणि चकत्यांमधून जाताना आत बसतो. बऱ्याच मशीनवर तिथे बारीक ‘टक्’ असं जाणवतं. मग लिव्हर, मग सुईच्या वरची छोटी तार, मग सुई. ती तारही चुकवू नका. ती सुटली तर दोरा सुईपाशी डुलतो आणि मधूनच टाका सुटतो.

पायरी तिसरी: ओढून बघा

ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण मशीन शिकवणारे ती क्वचितच सांगतात. दोरा सुईत ओवला की फूट वर असताना सुईपाशी दोरा हळूच ओढा. तो अलगद, काही न अडता यायला हवा. आता फूट खाली टाका आणि तसाच ओढा. यावेळी दोरा अडायला हवा, इतका की सुई किंचित वाकेल असं वाटावं. लगेच थांबा, खरंच वाकवू नका.

दोन्ही वेळा सारखाच मोकळा आला तर दोरा चकत्यांबाहेर आहे. पुन्हा ओवा. फूट वर असतानाही जड येत असेल तर दोरा कुठेतरी अडकला आहे. रिळाखाली दांडीला गुंडाळला गेलाय का, रिळाच्या काठावरच्या खाचेत अडकलाय का, ते बघा. दोरा अडकवून ठेवायला प्लास्टिकच्या रिळाला जी खाच असते, ती शिवताना शत्रू होते. आडव्या दांडीवर रीळ लावताना खाच दोरा सुटतो त्याच्या उलट बाजूला ठेवा, आणि टोकाची टोपी रिळाच्या मापाची लावा. फार मोठी टोपी लावली तर छोट्या रिळावरचा दोरा तिलाच घासत राहतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सगळं बरोबर ओवून, कापड ठेवून, फूट खाली टाकायचंच विसरायचं, हे नवशिक्यांचं होतं आणि वीस वर्षं शिवणाऱ्यांचंही होतं. जाड कापड असेल तर फूट वर आहे हे चटकन कळत नाही. परिणाम तोच: चकत्या उघड्या, खाली गुंतवळ.

पहिले तीन टाके

काही जणांचा दोरा मधे नीट चालतो, पण टीप सुरू करतानाच दर वेळी गोळा होतो. याचं कारण मोकळी टोकं. पहिल्या टाक्याला हूक वरच्या दोऱ्याचं मोकळं टोकही खाली ओढून नेतो. म्हणून सुरुवातीला दोन्ही दोरे, वरचा आणि बॉबिनचा, साधारण दहा सेंटिमीटर बाहेर काढा, फुटाखालून मागे घ्या आणि डाव्या हाताने नुसते धरून ठेवा. ओढायचे नाहीत. तीन टाके पडले की सोडा.

अगदी कडेपासून टीप सुरू केली की मऊ कापडाचा कोपरा कापड पुढे सरकवणारे खालचे दाते आत ओढून घेतात. अर्धा सेंटिमीटर आत सुरू करा, किंवा आधी फालतू कापडाच्या तुकड्यावर दोन-चार टाके मारून तसंच पुढे खऱ्या कापडावर या. मी मशीनशेजारी अशा तुकड्यांचा डबाच ठेवते. दोरा वाचतो आणि टोकं धरायची कटकटही जाते.

टीप संपताना काय? टेक-अप लिव्हर अगदी वर असतानाच थांबा. तो मध्येच असेल आणि तुम्ही दोरा कापला, तर पुढची टीप सुरू करताच लिव्हर वर जातो आणि सुईतला दोरा खेचून बाहेर काढतो. सुईतून सारखा सारखा दोरा निघतोय अशी तक्रार असेल तर ती ऐंशी टक्के इथे सुटते असं म्हणायचा मोह होतोय, पण मी काही मोजलेलं नाही.

सुईकडे बघा

दोरा तुटतो, पिंजला जातो किंवा टाके सुटतात, तेव्हा सुई हा पहिला संशयित. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी असं मानतात. पॉलिस्टर किंवा जाड कापडावर ती त्याआधीच बोथट होते. बोथट टोक नखावरून हलकेच फिरवलं तर खरखर लागते.

बदलताना सुई पूर्ण वर ढकला आणि मगच स्क्रू आवळा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी हूकला फासा मिळत नाही. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्या समोरच्या बाजूला लांब खोबण असते. दोरा ज्या बाजूने सुईत शिरतो तिथे खोबण हवी. समोरून मागे ओवायच्या मशीनमध्ये म्हणूनच सपाट बाजू मागे येते. जुन्या काळ्या मशीनमध्ये दोरा आडवा ओवतात, तिथे सपाट बाजूही आडवी असते. खोबणीचं काम असं की सुई कापडात घुसताना दोरा त्या चरात लपतो आणि घासत नाही. सुई उलटी लागली तर दोरा दोन टाक्यांत तुटतो किंवा टाकाच पडत नाही.

पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर, १४ हा त्याच मापाचा दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. पातळ कापडाला ७०/१०, नेहमीच्या सुती कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४, डेनिमला १००/१६, एवढ्यावर बराच काळ निभतं. टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडावर टाके सुटत असतील तर साध्या सुईने डोकं आपटू नका, गोल टोकाची सुई लावा.

दोरा सुईला जाड होतोय का, हे पाहायची एक जुनी पद्धत आहे. सुई मशीनमधून काढा. त्याच दोऱ्याचा हातभर तुकडा तिच्यात ओवा, दोन्ही टोकं धरून दोरा तिरका ताणा, सुई वरच्या टोकाशी. सुई घसरत खाली आली तर जोडी जमली. मधेच अडकली तर एक नंबर मोठी सुई घ्या. शिवताना दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसायच्या आधी सुईच्या भोकातून कित्येकदा वर-खाली जातो, त्यामुळे भोक अपुरं असेल तर दोरा सुईपाशी कापसासारखा फुलतो आणि मग तुटतो. जरीच्या, धातूच्या चकाकीच्या दोऱ्यांचं तर हे नेहमीचंच. त्यांना मोठ्या भोकाची सुई, कमी टेन्शन आणि धीमा वेग लागतो.

बॉबिन भरण्यात अर्धी कटकट वाचते

आता बॉबिनकडे वळायला हरकत नाही. हाताने दाबून बघा. नीट भरलेली बॉबिन कडक आणि सपाट लागते. मऊ, एका बाजूला फुगलेली असेल तर भरताना दोरा मशीनच्या डोक्यावरच्या छोट्या चकतीतून गेलाच नव्हता. ती बॉबिन तशीच वापरून टेन्शन दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, रिकामी करून पुन्हा भरा.

आधीचा वेगळा दोरा शिल्लक असताना त्यावरच नवा भरू नका. भरायला सुरुवात करताना भोकातून बाहेर राहिलेलं टोक कापून टाका, नाहीतर तेच हूकमध्ये शिरतं. काठाच्या बाहेर येईपर्यंत भरू नका. आणि मोटर सुसाट सोडून पॉलिस्टर भरू नका. तो ताणला जाऊन बॉबिनवर बसतो, शिवल्यावर आखडतो आणि टिपेला चुण्या पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत.

बॉबिन मशीनच्याच मापाची हवी. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन बॉबिनच्या उंचीत थोडासा फरक असला तरी एक खडखडते आणि दुसरी अडते. मूळची प्लास्टिकची असेल तर प्लास्टिकचीच वापरा, धातूची असेल तर धातूची.

बसवायची दिशा मशीनच्या पुस्तिकेत किंवा झाकणावरच्या चित्रात असते. वरून टाकायच्या बॉबिनमध्ये बहुतेक ठिकाणी दोरा ओढला की बॉबिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरायला हवी. वेगळ्या निघणाऱ्या केसमध्ये दोरा खाचेतून आत घेऊन पातळ पट्टीच्या खाली ओढायचा असतो. तो पट्टीखाली गेला नाही तर खालचं टेन्शन शून्य. त्यावेळी मात्र ढिले फासे कापडाच्या वरच्या बाजूला दिसतात. म्हणजे नियम दोन्हीकडून खरा ठरतो: वर गडबड तर दोष खाली, खाली गडबड तर दोष वर.

धूळ

बॉबिनखाली कापडाची आणि दोऱ्याची राखाडी धूळ साठते आणि तेल लागून नमद्यासारखी होते. दोन-चार बॉबिन संपल्या की प्लेट उघडून ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, ओलावा जातो आणि धूळ उलट आत सरकते. चकत्यांमध्ये अडकलेला तंतू काढायला फूट वर करून जाडसर दोरा किंवा पातळ सुती कापडाचा दुमडलेला काठ त्यांच्या मधून फिरवा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच, एकेक थेंब, आणि त्यानंतर फालतू कापडावर थोडं चालवून बघा. ‘तेल घालू नये’ असं लिहिलेली मशीनही असतात, त्यांना घालू नका.

आता टेन्शन

इथपर्यंत सगळं केलं आणि तरी टीप बरी नसेल, तरच टेन्शनच्या चाकाला हात लावा.

वर एक रंग, खाली दुसरा, दोन्ही दोरे एकाच जाडीचे. ज्या कापडावर शिवायचं त्याचाच तुकडा दुहेरी घ्या. चाक मधल्या आकड्यावर, साधारण ४ वर ठेवा आणि वीतभर टीप मारा. गाठ दोन थरांच्या मधे बसली तर वर वरचाच रंग दिसतो आणि खाली खालचाच. वर खालच्या रंगाचे ठिपके डोकावत असतील तर वरचं टेन्शन जास्त आहे, अर्धा आकडा कमी करा. खाली वरच्या रंगाचे ठिपके दिसत असतील तर वाढवा. एका वेळी अर्धाच आकडा, आणि दर वेळी नवी टीप. तुकड्यावर पेनाने आकडा लिहीत जा, नाहीतर पाचव्या टिपेला कोणती कुठली ते आठवत नाही. चाक फिरवताना फूट खाली असू दे, वर असताना चकत्या उघड्या असतात आणि फरक हाताला कळत नाही.

बॉबिन केसचा स्क्रू शेवटी, आणि केस वेगळी निघत असेल तरच. आधी बॉबिनसकट केस दोऱ्याला लटकवा. आपोआप घसरत खाली गेली तर ढिली. हात किंचित झटकल्यावर दोन-चार सेंटिमीटर उतरून थांबली तर बरोबर. झटकूनही जागची हलली नाही तर घट्ट. फिरवायचाच असेल तर स्क्रूच्या खाचेची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत सरकावं एवढंच फिरवा. खाली ताट किंवा पांढरं कापड पसरा. तो स्क्रू तिळाएवढा असतो, आणि जमिनीवर पडला की सापडत नाही.

दोराच वाईट असेल तर

वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं रीळ दिसायला छान असतं, पण दोरा कुजलेला असतो. हातभर दोरा दोन्ही मुठीत धरून झटका द्या. सहज, आवाज न होता तुटला तर तो मशीनला नको. उजेडात धरून बघा: स्वस्त दोऱ्यावर केसासारखी लव दिसते आणि मधेमधे जाड गाठी. ती लव चकत्यांत जाते आणि गाठ सुईच्या भोकात अडते. हाताने शिवायचा, मेणासारखा गुळगुळीत लेप दिलेला दोराही मशीनवर लावू नका, लेप चकत्यांना चिकटतो.

मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं मोठं रीळ, घरगुती मशीनच्या दांडीवर बसत नाही. तो मशीनच्या मागे कपात ठेवा आणि दोरा कोनाच्या डोक्याच्या बराच वरून, स्टँडच्या हुकातून आणा. कोनावरचा दोरा वरच्या दिशेने सुटायला हवा. बाजूने ओढला की दर फेऱ्याला हिसका बसतो आणि टाके लहान-मोठे पडतात.

किरकोळ पण रोजचं

सुईत दोरा जात नसेल तर टोक तिरकं कापा, सुईच्या मागे पांढरा कागद धरा, आणि दोरा ओला करण्याऐवजी सुईचं भोक बोटाने किंचित ओलं करा. ओला दोरा फुगतो, ओलं भोक दोरा ओढून घेतं. शिवणीच्या मधे बॉबिन संपण्याचं दुःख टाळायचं तर लांब टीप सुरू करण्याआधी तिच्याकडे एक नजर टाका, आणि एकाच रंगाच्या दोन भरून ठेवा.

पायमशीन शिकणाऱ्यांची वेगळीच तक्रार असते: सुरुवातीलाच दोरा तुटतो. कारण पाय चुकीच्या क्षणी दाबला जातो आणि चाक उलटं फिरतं. उलट्या चाकावर दोरा हूकभोवती गुंडाळला जातो. म्हणून चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवा, पाय त्या गतीला येऊन मिळू दे. दोरा आणि कापड न लावता, फूट वर ठेवून, एक-दोन दिवस नुसतं चालवणं आणि थांबवणं शिका. कंटाळा येतो खरा.

कारागिराकडे कधी न्यायचं

नवी सुई नीट लावली, दोरा पुन्हा ओवला, बॉबिन बदलली, धूळ काढली, आणि तरी वरचा दोरा खालच्याला पकडतच नसेल, तर सुई आणि हूक यांचा मेळ, म्हणजे टायमिंग, सरकलेलं असू शकतं. सुई जोरात धातूवर आपटून तुटल्यानंतर असं होतं. दुसरं कारण ओरखडा. दोरा एकाच जागी पुन्हा पुन्हा कापला जात असेल तर प्लेटच्या भोकाच्या कडेवरून आणि हूकच्या टोकावरून पायमोज्याचं पातळ कापड फिरवा. जिथे अडकेल तिथे ओरखडा आहे. प्लेट नवी मिळते, हूक घासून गुळगुळीत करायचं काम मात्र जाणत्या हातांचं.

नेताना मशीनसोबत ज्या दोऱ्याने आणि सुईने त्रास झाला ते तसेच द्या, आणि दोन रंगांच्या टिपा मारलेला तो आकडे लिहिलेला तुकडाही. ‘कधी कधी दोरा तुटतो’ यापेक्षा तो तुकडा कारागिराला जास्त सांगतो.